तीन उड्या, मग ओके

नाही, मला एक सांगा, मी स्वतःहून हात वर केला होता का? मागच्या शनिवारी मी आपला शेवटच्या खुर्चीवर, पंख्याखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात बसलो होतो, आणि या आपल्या बाईंनी... हो, तुम्हीच, आता चष्मा पुसू नका... या बाईंनी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी हे बोलणार." काय बोलणार? तर म्हणे प्रत्येकानं रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि उपयोग सांगायचा. अहो बाई, जन्मभर शाळेत पोरांना छळलंत, पोट भरलं नाही म्हणून आता म्हाताऱ्यांच्या मंडळात आमच्या मागे लागलात? मी तिसरीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा शाळेनंच मला हात जोडले. या बँकवाल्यांनी केवढा लांबलचक शब्द आणला होता, मला वाटलं औषधाचं नाव आहे, मी तो दिवसातून किती वेळा घ्यायचा विचारणार होतो. मी म्हटलं, बाई, मला इंग्रजीतली दोनच अक्षरं येतात. म्हणाल्या, "कुठली?" म्हटलं, ओ आणि के. तर म्हणाल्या, "ओके, मग त्याच्यावरच बोला," आणि वहीत नाव टाकून मोकळ्या.

बघितलंत? तिथंच माझं डोकं फिरलं. मला येतं का, जमेल का, उभा राहिलो तर पाय धरतील का, काही पाहिलं? नाही. ओके. संपलं. तर आता बसा आणि ऐका, मध्ये कुणी घड्याळ बघितलं तर मी पहिल्यापासून सुरू करीन.

तुम्हाला सांगतो, हा शब्द तुम्ही सगळे दिवसातून शंभरदा तोंडातून काढता, पण मी तो एकतीस वर्षं हातानं लिहिलाय, निळ्या खडूनं, आणि त्याच्यावर घर चालवलंय. शिड्यांचा कारखाना होता. घडीच्या शिड्या, भिंतीला लावायच्या शिड्या, आधी लाकडाच्या, नंतर ॲल्युमिनियमच्या. माझं काम काय, तर तयार झालेली शिडी तपासायची. एकतीस वर्षं रोज शिड्या चढलो आणि आयुष्यात वर कुठंच गेलो नाही, असा माणूस तुम्हाला दुसरा सापडायचा नाही.

पहिल्या दिवशी मुकादमानं विचारलं, "लिहिता येतं का?" म्हटलं, अडखळत. "इंग्रजी?" म्हटलं, अजिबात नाही. म्हणाला, "बरं झालं. शिकलेला माणूस शिडी न चढताच लिहून टाकतो." मग त्यानं भिंतीवर खडूनं एक गोल काढला, त्याच्या शेजारी एक उभी काठी, आणि काठीला एक हात वर, एक पाय खाली. "हे शीक. एवढंच शीक. शिडी उघडायची, सगळ्या पायऱ्या चढायच्या, उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबायचं आणि तीन उड्या मारायच्या. कान तिच्याकडे ठेवायचा. कुरकुरली तर बाजूला काढायची. नाही कुरकुरली, तर खडू हातात घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, आईला चढवशील का हिच्यावर? चढवशील, तर गोल काढ. मनात जरा जरी आलं, की नको, आईला नको, तर खडू खिशात."

हा झाला अर्थ, बाई. लिहून घ्या. तुमच्या डिक्शनरीत एवढा नसेल तर ती डिक्शनरी टेबलाचा पाय हलतो त्याच्याखाली घाला.

आणि उपयोग? उपयोग ऐका. एकदा महिनाअखेरीला मालक स्वतः खाली आला. दोनशे शिड्या जायच्या होत्या, गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मालक गोड आवाजात म्हणाला, "अरे, आज उड्या राहू देत, नुसतं ओके लिहून टाक, सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत." म्हटलं, साहेब, तुमची दोन्ही मुलंपण एकाच साच्यातली आहेत, पण एकच कामाला येतो. झालं. सहा महिने मला गोदामात शिड्या कागदात गुंडाळायला बसवलं. माझ्या जागी कोण आलं, तर एक गुळगुळीत दाढीचा, तो खुर्चीवर बसून ओके लिहायचा, इतक्या सुंदर अक्षरात की बघत राहावं. सहा महिन्यांत सतरा शिड्या परत आल्या आणि एका शिडीबरोबर तिचा माणूस आला, गळ्यात हात अडकवून. मग मला बोलावलं. मी खडू घेतला आणि चढलो. पण बघा, एकतीस वर्षांत माझ्या गोलाची एकही शिडी परत आली नाही. एकही. हे मी छाती फुगवून सांगत नाही, छाती आता फुगतही नाही, पण सांगतो.

घरी मात्र याची किंमत शून्य. आमच्या हिला लग्नाआधी सांगितलं होतं, मुलगा तपासनीस आहे. तिला वाटलं, टेबल असेल, फायली असतील. लग्नानंतर आठ दिवसांनी माझा डबा घरी राहिला, तो द्यायला ती कारखान्यात आली आणि खिडकीतून बघते तर नवरा शिडीवर उभा राहून उड्या मारतोय. तेव्हापासून आजपर्यंत, कुणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करायचे हो, की ती शांतपणे सांगते, "उड्या मारायचे."

असो. निवृत्त झालो, खडू खिशातून काढून ठेवला आणि जगात आलो. आणि जगात येऊन बघतो तर काय, जो तो ओके. माझा शब्द, ज्याच्यासाठी मी गुडघे झिजवले, तो लोक नाकातून काढतात. मी नीट लक्ष ठेवलंय, तुम्हाला त्याचे प्रकार सांगतो. मुलाला काही सांगितलं आणि तो एकदाच ओके म्हणाला, तर त्यानं ऐकलेलं नाही. दोनदा म्हणाला, ओके ओके, म्हणजे बाबा आता गप्प बसा. सूनबाई शेवटचं अक्षर लांबवते, ओकेऽऽ, म्हणजे तुमचं चुकतंय पण भाजी करपतेय म्हणून सोडून देते. डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता ओके म्हणतो, म्हणजे तुम्हाला जे व्हायला नको होतं ते झालंय. आणि मोबाइलवर तर काही जण नुसतं के पाठवतात. के. अरे, गोल कुठं गेला? आमच्याकडे एखाद्या शिडीवर नुसता के दिसला असता तर मुकादमानं विचारलं असतं, अर्धीच तपासलीस का? आणि ज्यांना तेवढंही जड होतं ते अंगठा पाठवतात. आमच्या काळी न शिकलेली माणसं अंगठा उठवायची, आता एवढे शिकून सवरून त्याच अंगठ्यावर आले.

आणि मी काय वेगळा आहे? थांबा, तिथंच यायचंय मला.

सूनबाईनं मला मोबाइल दिला. म्हणाली, "बाबा, बिल्डिंगच्या ग्रुपवर काही आलं की तुम्हीही काहीतरी उत्तर द्यायचं, नाहीतर लोकांना वाटतं तुम्ही रागावलात." म्हटलं, मी रागावलेलाच असतो. म्हणाली, "तरी द्यायचं." आता मला दोनच अक्षरं येतात, ती मी दाबायचो. कुणाचा वाढदिवस, ओके. पाणी येणार नाही, ओके. सहाव्या मजल्यावरच्यांचे सासरे गेले, मी ओके. सूनबाई धावत आली, "बाबा, काय केलंत हे?" म्हटलं, नव्वद वर्षांचे होते, चांगलं जगले, तपासून बघितलं तरी ओकेच म्हणावं लागेल. पण खरं सांगू का? वाचलंच नव्हतं. चष्मा आत होता.

आमची इमारत सात मजल्यांची, बेचाळीस घरं, आणि एक लिफ्ट. आम्ही चौथ्यावर. हिचा एक गुडघा तेव्हा नुकताच नवीन बसवला होता, जिना चढणं बंद, म्हणजे लिफ्ट आहे म्हणून ही घराबाहेर आहे, नाहीतर खिडकीतली कुंडी. आणि ती लिफ्ट, तुम्हाला सांगतो, दुसरा मजला सोडला की अशी खोकायची जशी काही तिलाच दमा आहे. मी दारात कान लावून ऐकायचो. लोक म्हणायचे, काका काय करताय? म्हटलं, ऐकतोय, ती काहीतरी सांगतेय.

लिफ्टच्या भिंतीवर काचेखाली एक कार्ड होतं. दर महिन्याला मेकॅनिक यायचा, खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा, कार्ड मांडीवर घ्यायचा आणि लिहायचा, ओके. मी एकदा त्याला धरला. म्हटलं, वर मशीनच्या खोलीत गेला नाहीस तू. म्हणाला, "काका, आवाजावरून कळतं." म्हटलं, आवाज तर तुझ्या मोबाइलमधल्या गाण्याचा चाललाय. हसला. मी म्हटलं, एक सांग, आईला चढवशील का हिच्यात? तर काय म्हणावं त्यानं? "आई गावी असते."

मग गेलो सेक्रेटरीकडे. दुसऱ्या मजल्यावर राहतो. अंगानं भरलेला, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा, बोलताना तो खुळखुळवतो, म्हणजे आपल्याला वाटावं काहीतरी उघडणार. मी सांगितलं, लिफ्ट कुरकुरतेय, मेकॅनिक पाट्या टाकतोय, मोठी तपासणी करून घ्या. म्हणाला, "ओके काका, बघतो." पंधरा दिवसांनी परत गेलो. "ओके ओके, काका." तिसऱ्यांदा गेलो तर दाराआडून नुसता आवाज आला, "ओकेऽऽ." तिन्ही प्रकार एकाच माणसाकडे मिळाले.

त्यानंतर एका दुपारी मी आणि ही गॅलरीत मटार सोलत बसलो होतो. मोबाइल वाजला. ही म्हणाली, "काय आलंय बघा." म्हटलं, असेल कुणाचा तरी वाढदिवस. आणि मटारच्या बोटानं दाबलं, ओके.

तीन आठवडे झाले. सकाळचे अकरा. ही खाली गुडघ्याच्या व्यायामाला गेली होती, ती परत येत होती. तळमजल्यावर तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरला सेक्रेटरी, त्याला गच्चीवरची टाकी बघायची होती. दुसरा मजला सुटला, लिफ्ट एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि तिसऱ्यांदा श्वासच सोडला तिनं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, अधांतरी. मी चौथ्या मजल्यावरून जिना कसा उतरलो मला आठवत नाही. सगळी बिल्डिंग दुसऱ्या मजल्यावर गोळा झाली होती आणि जो तो फोनवर. कंपनीला फोन केला, पलीकडची बाई म्हणाली, माणूस निघालाय, ओके? अर्ध्या तासानं परत केला, म्हणाली, माणूस निघतोय, ओके? म्हणजे अर्ध्या तासात तो माणूस मागे मागेच सरकत होता.

सेक्रेटरीच्या बायकोनं किल्ली आणली, बाहेरचा दरवाजा उघडला. आता नीट डोळ्यांपुढे आणा. लिफ्टची जमीन आपल्या छातीच्या वर. वर दोन-अडीच फुटांची फट, त्यातून मला हिच्या चपला दिसताहेत आणि शेजारी सेक्रेटरीचे बूट. आणि खाली? खाली काळंकुट्ट भोक, थेट तळापर्यंत. मी हाक मारली, अगं, बरी आहेस ना? म्हणाली, "मी बरी आहे. यांना घाम फुटलाय, मी खोकल्याची गोळी दिली आहे." आणि वरून सेक्रेटरीचा आवाज, पार बदललेला, "लवकर करा हो, पंखा बंद आहे, मला धाप लागतेय."

मी सगळ्यांकडे वळून विचारलं, अरे, मोठी तपासणी करायची होती ना हिची? तीनदा सांगितलं होतं मी. ती कुणी थांबवली? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पुढे आल्या, मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, "काका, सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं होतं. यंदाची तपासणी सहा महिने पुढे ढकलतोय, कार्डावर सगळं ओके आहे, हरकत नसेल तर ओके कळवा. बेचाळीस घरांनी कळवलं." म्हटलं, एकेचाळीस. त्यांनी बोटानं वर सरकवलं, दाखवलं. चारशे तीन, म्हणजे आमचंच घर. ओके.

मटार.

एकतीस वर्षं मालकाला नाही दिला, तो गोल मी शेंगा सोलता सोलता देऊन बसलो होतो. आणि मुकादमाचा प्रश्न माझ्यासमोर उभा. आईला चढवशील का? आईला नाही बाबा. बायकोला चढवली.

तेवढ्यात वॉचमन शिडी घेऊन आला. बिल्डिंगची शिडी, लाकडाची, वरून हिरवा रंग फासलेला. लाकूड काय आणि माणूस काय, रंग फासला की वय कळत नाही. शिडी त्या फटीला टेकवली, आणि सगळे ओरडायला लागले, चला, काकूंना उतरवा. मी म्हटलं, थांबा, आधी ती इकडं आणा, भिंतीला लावा, मी तपासणार. म्हणाले, "काका, ही काय वेळ आहे?" वरून सेक्रेटरी, "अहो ओके आहे ती, दरवर्षी दिवे बदलायला वापरतो." म्हटलं, दिव्याला गुडघा नसतो.

आणि मी चढलो. वय वर्षं बहात्तर. खाली सगळी बिल्डिंग, कुणी हसतंय, कुणी माझा सदरा ओढतंय, मुलगा कामावरून फोनवर ओरडतोय, "बाबांना उतरवा आधी." एक-एक पायरी चढलो, उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबलो, कान तिच्याकडे ठेवला. पहिली उडी. काही नाही. दुसरी उडी. कुर्र. इतका बारीक आवाज, की त्या गलक्यात एकट्या मला आला. खाली वहिनी म्हणाल्या, "झालं की काका, ओके आहे." म्हटलं, तिसरी राहिली.

तिसऱ्या उडीला पायरी कडाकली, मधून दोन तुकडे, आणि मी खाली, फरशीवर, डावा पाय अंगाखाली. आता मला सांगा, ती पायरी त्या फटीखाली मोडली असती तर? तिच्या मागे काय होतं? भोक. पण माणसं काय म्हणतात, ऐका. पहिला आवाज वॉचमनचा, "काकांनी शिडी मोडली." मग सगळे, एका सुरात, काकांनी शिडी मोडली, काकांनी शिडी मोडली. आणि वरून सेक्रेटरी, "अरे देवा, चांगली शिडी मोडली, आता मी उतरू कसा?" मी म्हणाला. आम्ही नाही, मी.

समोरच्या इमारतीत रंगकाम चाललं होतं, तिथला रंगारी आरडाओरडा ऐकून आपली ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आला. आता माझा पाय तर सुजून भोपळा. म्हटलं, बाबा रे, हिच्यावर तिसऱ्या पायरीवर तीन उड्या मार. म्हणाला, "काका, मी रोज उभा राहतो हिच्यावर." म्हटलं, उभा राहतोस, उड्या मारतोस का? म्हणाला, "उड्या मारायला मी काय माकड आहे?" म्हटलं, मी एकतीस वर्षं होतो. मग मी तिथं जमलेल्या एकेकाला विचारलं, तुम्ही मारा, तुम्ही तरी मारा. एकही पुढे येईना. सगळ्यांचं एकच, "दिसतेय की चांगली, ओके आहे."

मी फरशीवर बसून ओरडलो, माझी बायको उतरणार नाही, मी हिला ओके देत नाही. तेव्हा वरून आमच्या हिचा आवाज आला, अगदी शांत, डबा द्यायला आली होती तसाच. "भाऊ," ती सेक्रेटरीला म्हणाली, "तुम्हाला धाप लागते आहे ना? आधी तुम्ही उतरा." सेक्रेटरी तोंडदेखलं म्हणाला, "नाही नाही, काकू, आधी तुम्ही," पण तोवर त्याचा एक बूट बाहेर आला होता. आला बापडा, पोटावर सरकत, धपाधप पाय आपटत, तिसऱ्या पायरीवर तर घाबरून थयथयाट केला त्यानं, जुडगा खुळखुळला, पण शिडी हूं का चूं करेना. तो फरशीवर उतरला आणि मगच माझी बायको वाकून बघत म्हणाली, "अहो, यांचं वजन माझ्या दुप्पट आहे. झाल्या का तुमच्या तीन उड्या?"

म्हटलं, झाल्या. गोल काढला मी मनातल्या मनात, आणि ती उतरली, चपला हातात घेऊन, नव्या गुडघ्यानं, एकेक पायरी. खाली आली, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "या वयात शोभतं का हे?" बस. एवढंच. एवढ्या वर्षांनी माझं काम काय होतं ते तिला कळलं असेल, असं मला वाटतं. विचारायची माझी हिंमत नाही.

पायाला सहा आठवडे प्लास्टर पडलं. प्लास्टरवाला डॉक्टर ठोकून बघून म्हणाला, ओके, मी त्याला दोनदा परत ठोकायला लावलं.

मग बिल्डिंगची सभा बोलावली. गच्चीखालच्या हॉलमध्ये, मी खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मला एकच हवं होतं. सेक्रेटरीनं उभं राहून म्हणावं, की काकांनी तीनदा सांगितलं, मी ऐकलं नाही, आणि शिडी त्यांनी मोडली नाही, ती मोडकीच होती, माझं चुकलं. चार ओळी. सेक्रेटरी उभा राहिला, मोबाइल काढला आणि वाचायला लागला, "एकशे एक, ओके. एकशे दोन, ओके..." असं करत करत चारशे तीनवर आला, माझ्याकडे बघून जुडगा खुळखुळवला आणि म्हणाला, "काका, तुमचाही आहे. आता बोला."

आता दुसरा कुणी असता तर कानावर हात ठेवले असते. मी काठी टेकवून उठलो. म्हटलं, हो, आहे माझा. न वाचता दिला. माणूस चढणार अशा वस्तूला आयुष्यात तपासल्याशिवाय दिलेला तेवढा एकच, आणि तो माझ्या बायकोच्या वाट्याला आला. माझं चुकलं. सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. ही पहिल्या रांगेत बसली होती, ती कधी नव्हे ती खाली बघायला लागली. मग मी म्हटलं, मी माझं बोललो, आता तुम्ही तुमचं बोला. आणि बसलो. वाट बघितली.

सेक्रेटरी म्हणाला, "ओके. पुढचा विषय, पार्किंग."

चार दिवसांनी खाली फलकावर सभेचा वृत्तांत लागला. सूनबाईनं मला वाचून दाखवला, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. विषय चौथा. लिफ्टमधील घटनेबद्दल आणि शिडीच्या नुकसानीबद्दल चारशे तीनच्या काकांनी सभेसमोर माफी मागितली. सेक्रेटरींनी ती मोठ्या मनाने मान्य केली. विषय संपला. आणि खाली चौकोन आखलेले, प्रत्येक घराला एक. वाचलं, मान्य आहे, असं कळवायचं. एकेचाळीस घरांनी लिहून टाकलं होतं, कुणी निळ्या पेनानं, कुणी काळ्या, एकानं तर लिपस्टिकनं की काय देव जाणे. ओके, ओके, ओके. कुणी वाचलं असेल? नसणारच. शेंगा सोलत असतील.

एक चौकोन रिकामा. मुलगा म्हणाला, "बाबा, करून टाका ना, कशाला उगाच वाद." मी म्हटलं, आधी मी तो तीनदा वाचून घेतला. कुरकुरतोय. कागद अजून तिथंच लटकतोय, चौकोन अजून रिकामा आहे.

बाकीच्या चाळीस घरांना मी सोडून दिलं. मेकॅनिकलाही सोडलं, त्याची आई गावाहून आली आणि आता तो वर मशीनच्या खोलीपर्यंत जातो म्हणतात. पण काल जिन्यात सेक्रेटरी भेटला. मी काठी आडवी धरली. म्हटलं, ती माफी राहिलीय. तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि म्हणाला, "काका, तुम्ही अजून तेच धरून बसलात? ती तर मी तेव्हाच मान्य केली."

मी काठी बाजूला घेतली, वाट दिली त्याला. तर बाई, तुमच्या वहीत अर्थ झाला, उपयोग झाला, आता एवढं तिसरं लिहा. माफी मागायची राहिलेला माणूस एकच, दुसऱ्या मजल्यावरचा सेक्रेटरी.